हात पाठीमागे

दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी तीन ते पाच आमच्या मंडळाच्या खोलीत मोबाईलचा वर्ग भरतो. दिवाळी अंकात त्याबद्दल चार ओळी आल्या आणि त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या महिन्याची प्रश्नोत्तरांची पानं मला दिली. मी संगणकाची शिक्षिका नाही. बडोद्यात एकतीस वर्षं ग्रंथालयात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर हा वर्ग सुरू केला. नववीतली मुलगी येते, तसे ब्याऐंशी वर्षांचे काकाही येतात. त्या खोलीत जे पाहिलं आणि करून बघितलं त्याच्याच आधाराने उत्तरं देते आहे. पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे त्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ७१ वर्षांची आहे. मुलाने चांगला फोन घेऊन दिला आहे. काही अडलं की मी नातीला हाक मारते. ती "आजी, दे इकडे" म्हणते, दोन सेकंदांत करते आणि फोन परत देते. काय केलं ते मला दिसतही नाही. पुन्हा विचारलं की "परवाच सांगितलं ना!" आता वयामुळे माझ्या डोक्यात काही राहत नाही का? एखादा कोर्स लावू का?
(दांडिया बाजारातल्या एक आजी)

उत्तर : आजी, डोक्यात राहायला आधी काही आत जावं लागतं. दोन सेकंदांत ते कुणाच्याच जात नाही. नातीने तुमचं काम करून दिलं, तुम्हाला शिकवलं नाही. आणि ती चिडते ती तुमच्यावर नव्हे. तिची बोटं जे आपोआप करतात ते तिला शब्दांत सांगता येत नाही, त्याची ती चिडचिड आहे. वर्गात शिकवायला येणाऱ्या प्रत्येक तरुण मुलात मी हे पाहिलं आहे.

म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. शिकवणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे धरायचे. फोन शिकणाऱ्याच्या हातात, आणि वर्ग संपेपर्यंत तिथेच. इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा पहिल्याच दिवशी एका काकूंना फोटो पाठवायला शिकवत होता. "इथे दाबा" म्हणाला, पण बोट दाखवायला हात मोकळा नव्हता. मिनिटभर गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "काकू, खाली लिहायची पट्टी आहे ना, तिच्यात कागदाला लावायच्या पिनेसारखं एक चित्र दिसतंय का?" काकूंना ते सापडलं. त्यांनीच दाबलं. चुकीचा फोटो गेला, तो कसा पुसायचा तेही मग त्यांनीच केलं. आज तो मुलगा आमच्याकडचा सगळ्यात चांगला शिकवणारा आहे. तुमच्या नातीला हे पान वाचायला द्या आणि सांगा, आठवड्यातून दोनदा, चहा झाल्यावर अर्धा तास, एका वेळी एकच काम, आणि हात पाठीमागे.

आता तुमच्या बोटांकडे वळते, कारण पुष्कळदा अडचण डोक्यात नसून बोटात असते आणि ते कुणी सांगत नाही. फोनला तीन स्पर्श वेगवेगळे कळतात : टेकवून लगेच उचललेलं बोट, दाबून धरलेलं बोट आणि सरकवलेलं बोट. आपण आयुष्यभर घंटीचं बटण आणि मिक्सरचं बटण दाबलं, त्यामुळे आपलं बोट काचेवर रेंगाळतं. फोनला वाटतं, बाईंनी दाबून धरलं. मग भलतीच यादी उघडते, आपण घाबरतो आणि "माझ्याकडून काहीतरी बिघडलं" म्हणून फोन खाली ठेवतो. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो. त्यात 'टच अँड होल्ड डिले' आहे, तो 'लाँग' करून घ्या. फोन जरा धीराने वागायला लागतो. डिस्प्लेमध्ये जाऊन अक्षरं मोठी करा. थंडीत बोटांची कातडी कोरडी पडली की स्पर्श लागत नाही, तेव्हा बोटाला थोडं क्रीम चोळा. आमच्या तीन-चार जणींची निम्मी भीती एवढ्यानेच गेली.

सरावासाठी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. ती सोय २०२२ मध्ये आली आणि नवशिक्यांना तिच्यासारखी पाटी नाही. तिथे खंडेराव मार्केटची भाजीची यादी लिहा, देवघराचा फोटो टाका, खोडा, परत टाका. कुणाला जात नाही, कुणी हसत नाही. टाइप करायचा कंटाळा आला तर कीबोर्डवरच्या माइकला बोट लावून मराठीत बोला, अक्षरं उमटतात. मात्र कीबोर्डच्या भाषांमध्ये मराठी आधी घालून घ्यायला हवी.

एक वही करा आणि पायऱ्या स्वतःच्या शब्दांत लिहा. खारीवावच्या एका मावशींच्या वहीत लिहिलंय, "हिरवा गोल. मग वरती भिंग. मग वहिनीचं नाव." पुस्तकातल्या कुठल्याही चित्रापेक्षा त्यांना ते पटकन समजतं. वहीत पिन मात्र लिहायचा नाही.

भाषेचा प्रश्न बडोद्यात जरा वेगळा आहे. आपण विचार मराठीत करतो, दुकानाची पाटी गुजरातीत वाचतो आणि बँकेचा मेसेज येतो इंग्रजीत. फोनची भाषा मराठी करता येते आणि ज्यांना इंग्रजी अक्षरं अडतात त्यांनी ती जरूर करावी. पण सगळ्यांनी करायलाच हवी असा माझा आग्रह नाही. नात "सेटिंग्ज" म्हणणार आणि तुमच्या पडद्यावर भलताच शब्द दिसणार, तर दोघींची चुकामूक होते. बँकेच्या मेसेजमध्ये तीनच गोष्टी शोधायला शिका : डेबिटेड म्हणजे गेले, क्रेडिटेड म्हणजे आले, आणि रक्कम. बाकीचं इंग्रजी तूर्त वाचलं नाही तरी चालेल.

कोर्सचं म्हणाल तर सीसीसी नावाची परीक्षा आपल्याकडे सरकारी नोकरांना चांगली माहीत आहे. तो ऐंशी तासांचा संगणकाचा अभ्यासक्रम आहे, नोकरीसाठी उपयोगी आहे. तुम्हाला त्याची गरज नाही. आमच्या एका विद्यार्थिनीला स्वतःच्या हाताने फोटो पाठवायला पाच शनिवार लागले. सहाव्या शनिवारी येताना तिने सूरसागरातल्या महादेवाचा फोटो काढला आणि कोल्हापूरच्या भावाला पाठवला. त्याचा फोन आला तेव्हा ती खोलीबाहेर जाऊन अर्धा तास बोलत होती.

प्रश्न : वय ८२, केंद्र सरकारची पेन्शन. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावतो. अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत, मशीन घेत नाही. मुलगा मुंबईला. घरबसल्या होतं म्हणतात ते खरं का?
(कारेलीबागेतले एक काका)

उत्तर : खरं आहे काका. जीवन प्रमाण ही डिजिटल दाखल्याची सोय नोव्हेंबर २०१४ पासून आहे, पण तुमच्यासाठी महत्त्वाचं वर्ष २०२१. त्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून ओळख पटवायची पद्धत सुरू झाली, त्यामुळे अंगठ्याचं कामच उरलं नाही. साध्या अँड्रॉइड फोनवर दोन ॲप लागतात, 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण'. फोन शेजाऱ्याचा असला तरी चालतो. हाताशी आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, खाते क्रमांक आणि तुमचा मोबाईल ठेवा. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठीमागून उजेड नको. ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं, ती सावकाश करा. आमच्या खोलीत हे ट्यूबलाईटखाली चार वेळा फसलं आणि व्हरांड्यात पहिल्या झटक्यात झालं.

ऐंशी पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत पडायचं कारण नाही. फोन नकोच असेल तर पोस्टमन घरी येऊन करून देतो, त्याचे ७० रुपये लागतात. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन असणाऱ्यांना महिन्याचं बंधन नाही, दाखला दिला त्या दिवसापासून बारा महिने चालतो.

आणि एक. "तुमचा हयातीचा दाखला आम्ही फोनवरच करून देतो, आलेला ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो चोराचा. बँक किंवा पेन्शन कार्यालय असा फोन करत नाही.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे, दिवसभर फोनवर. आम्ही काही विचारायच्या आत त्याला सगळं येतं. शाळेत मात्र म्हणतात की मुलांना डिजिटल कौशल्यं शिकवा. याला आणखी काय शिकवायचं? उलट फोन काढून घ्यावासा वाटतो.
(वाडीतल्या एक आई)

उत्तर : ताई, फोन वापरता येणं आणि फोनकडून काम करून घेता येणं यात अंतर आहे, आणि ते तुमच्या एकट्याच्याच घरात नाही. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ साली खेड्यापाड्यांतल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं. ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो हातात घेतल्याचं ५७ टक्के मुलांनी सांगितलं आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के मुलांनी. शहरातली मुलं यापेक्षा फार निराळी असतील असं माझ्या खोलीतल्या मुलांकडे पाहून वाटत नाही.

आमच्याकडे येणारा एक मुलगा व्हिडिओ इतका सुंदर जोडतो की मी थक्क होते. त्याला मुख्याध्यापकांना ईमेल लिहायला सांगितलं. अख्खा अर्ज त्याने विषयाच्या ओळीत लिहिला आणि खालची जागा रिकामी सोडली. त्याची यात काही चूक नव्हती, ईमेल म्हणजे पत्र आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आपण पोस्टकार्डावर शिकलो, तो कशावर शिकणार?

तर फोन काढून घेण्याआधी त्याला ही कामं द्या. प्रवेशाच्या फॉर्मला लागतो तसा स्वतःचा फोटो ५० केबीच्या आत बसवून दाखव. गुणपत्रिकेच्या फाइलला नीट नाव दे आणि पुढच्या रविवारी ती एका मिनिटात शोधून दाखव. डिजिलॉकर हे सरकारी कागदपत्रांचं ॲप उघड, सरकारी खात्यांनी त्यात दिलेली कागदपत्रं कायद्याने मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानली जातात. आजोबांनी सकाळी पाठवलेला औषधाचा मेसेज खरा की खोटा, आणि तुला ते कशावरून कळलं, ते मला सांग. शेवटचं काम सगळ्यात अवघड आहे. आमच्या वर्गात त्यावर मोठी माणसं आणि मुलं सारखीच अडतात.

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची वेळ आली की दुकानात पन्नास-शंभर रुपये देऊन भरून आणू नका. डिजिटल गुजरातच्या संकेतस्थळावर त्याने भरावा आणि तुम्ही शेजारी बसावं. चुकला तर त्याला चूक शोधू द्या. आणि त्याला एका आजीला शिकवायला आमच्याकडे पाठवा, हात पाठीमागे ठेवून. ज्यांना सगळं येतं असं घरचे समजतात, तेच पोरगे पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त घामाघूम होतात, आणि तेच पुढे टिकतात.

प्रश्न : पोळीभाजीचे डबे देते. क्यूआर कोड लावला आहे. काही गिऱ्हाइकं पैसे पाठवल्याचा स्क्रीन दाखवून निघून जातात आणि नंतर खात्यात काही नसतं. एकाने तर "पैसे यायला तुमचा पिन टाका" म्हटलं.
(प्रतापनगरहून)

उत्तर : ताई, त्यांच्या फोनचा पडदा बघायचाच नाही, आपला बघायचा. तुमच्या ॲपमध्ये किंवा बँकेच्या मेसेजमध्ये रक्कम आली तरच डबा हातात द्या. दुपारच्या गर्दीत सारखा फोन बघणं जमत नसेल तर रक्कम बोलून सांगणारा छोटा स्पीकर दुकानांत असतो, तो भाड्याने मिळतो. आणि पिन पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही, लागणारही नाही. हे वाक्य क्यूआर कोडच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा, गुजरातीत आणि मराठीत, म्हणजे मदतीला ठेवलेल्या मुलीलाही दिसेल.

प्रश्न : एका वस्तूचे पैसे परत मिळवायला इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधला आणि फोन केला. त्याने एक ॲप घ्यायला लावलं. ३८,००० रुपये गेले. घरी कुणाला सांगितलेलं नाही. मुलगा म्हणेल, "कुणी सांगितलं होतं तुला?" आता फोनला हात लावायची इच्छा नाही.
(रावपुऱ्यातल्या एक वाचक)

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता, तेव्हा पुढचं बाकीच्यांसाठी लिहिते. तुमच्या परवानगीने.

पैसे गेले असं कळलं की पहिला फोन १९३० या क्रमांकावर. मुलाला, शेजाऱ्याला, बँकेच्या ओळखीच्या साहेबांना नंतर. हा देशभराचा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात, आणि ते कुठेतरी अडवता येतात ते पहिल्या काही तासांत. कधी गेले, किती गेले, व्यवहाराचा क्रमांक काय, एवढं समोर ठेवा. लगेच बँकेला कळवा. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार करा. ज्या फोनवर ते ॲप घेतलं त्याचं इंटरनेट बंद करा, कारण अशा ॲपमधून समोरचा तुमचा पडदा पाहत असतो.

रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम माहीत असावा. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. आपली काहीच चूक नसेल आणि गोंधळ बँकेच्या बाहेर तिसऱ्याच ठिकाणी झाला असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास आपल्यावर काही येत नाही. म्हणजे दोन्हीकडे किंमत वेळेलाच आहे.

वेळ जाते ती लाजेपायी. माझे मोठे दीर चौतीस वर्षं बँकेत अधिकारी होते. निवृत्तीनंतर त्यांना असाच फोन आला. "मी पोलीस बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही." दोन दिवस ते आतल्या खोलीत बसून होते आणि जाऊबाईंना म्हणाले, जुन्या ऑफिसचं काम आहे. पैसे गेल्यावर अकरा दिवस त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. अकराव्या दिवशी सांगितलं तेव्हा अडवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पैशांचं दुःख घराने पचवलं. पण ते अकरा दिवस त्यांनी एकट्याने काढले, हे आठवलं की मला आजही झोप लागत नाही. व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद आपल्या कायद्यात नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्टच नाही. हे त्यांना त्या दोन दिवसांत एका माणसाने सांगितलं असतं तर पुरे होतं. आमच्या वर्गात म्हणून दर शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं कुणाला कसा फोन आला ते सांगायची असतात. ज्याचे पैसे गेले तो सांगतो आणि बाकीचे मध्ये बोलत नाहीत.

मुलांनो, सुनांनो, हे पान वाचत असाल तर तेवढं एक वाक्य घरातून हद्दपार करा : "कुणी सांगितलं होतं तुला?" त्या वाक्याच्या भीतीनेच आई १९३० ला फोन करत नाही.

आणि ताई, फोन सोडू नका. दुसरं एक साधं बचत खातं काढा, त्यात दोन हजार रुपये ठेवा आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. मोठं खातं फोनपासून लांब. २०२४ पासून यूपीआय सर्कल नावाची सोयही आहे. त्यात मुलाच्या खात्यातून तुम्ही पैसे देऊ शकता, एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत, किंवा प्रत्येक वेळी मुलाने मंजूर केल्यावर. वाईट नाही, पण मला दोन हजारांचं स्वतःचं खातं अधिक आवडतं. त्यात द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवता. पुढच्या वेळी कंपनीचा नंबर हवा असेल तर तो बिलावर, डब्यावर, पासबुकावर बघा. इंटरनेटच्या शोधात वर दिसणारा नंबर कुणीही टाकलेला असू शकतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. आमच्या सोसायटीत असा वर्ग सुरू करायचा आहे. सरकारची एखादी योजना मिळेल का? अभ्यासक्रम कुठला घ्यावा? वयाप्रमाणे गट करावेत का?
(मांजलपूरचे एक गुरुजी)

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र वाचून आनंद झाला आणि एक जुनी गोष्ट आठवली. ती तुम्हाला माहीत असणार, तरी सांगते, कारण मी वर्ग घेते तो तिच्याच जोरावर. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केलं. पण शिकलेल्या माणसाला पुढे वाचायलाच काही मिळालं नाही तर तो अक्षरं विसरतो, हे त्यांना कळलं होतं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून त्यांनी ग्रंथालयं उभी केली, आणि जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. फिरती ग्रंथालयं. आमच्या नोकरीत जुनी मंडळी त्या पेट्यांबद्दल घरच्या वस्तूसारखं बोलायची.

हे आठवायचं कारण असं की केंद्र सरकारने २०१७ मध्ये ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलं. घरटी एक माणूस, वीस तासांचं शिक्षण, शेवटी परीक्षा. ३१ मार्च २०२४ ला ते संपलं तोवर ६.३९ कोटी लोकांनी शिक्षण घेतलं होतं आणि ४.७७ कोटींना प्रमाणपत्र मिळालं होतं. इतक्या मोठ्या कामाला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. पादरा आणि सावलीकडच्या ज्या बायका त्यात शिकल्या त्यांतल्या दोघी आज आमच्याकडे शिकवतात. पण त्यात वय होतं १४ ते ६० आणि ते होतं खेड्यांसाठी. म्हणजे दांडिया बाजारातल्या आजी दोन्ही बाजूंनी बाहेर. आणि वीस तासांनंतर काय? पेटीच आली नाही. त्या दोघींपैकी एकीने मला सांगितलं की प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवलं आणि सहा महिन्यांत सगळं विसरले, कारण घरात फोन नवऱ्याकडे असायचा.

केरळात हे काम वेगळ्या तऱ्हेने झालं. तिरुवनंतपुरमजवळच्या पुल्लमपारा पंचायतीत स्वयंसेवक लोकांकडे गेले, अगदी रोजगार हमीच्या कामावर जाऊन जेवणाच्या सुट्टीत शिकवलं, आणि २०२२ मध्ये ती पंचायत पूर्ण डिजिटल साक्षर जाहीर झाली. मग तेच सगळ्या राज्यात केलं. घरोघर विचारून डिजिटल साक्षर नसलेली सुमारे २१.८८ लाख माणसं शोधली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याने तशी घोषणा केली. शंभरी ओलांडलेले आजोबाही त्यात शिकले. म्हणजे वर्गात कोण येतं याची वाट बघत बसू नका. सोसायटीत कुठल्या घरी कुणाला येत नाही ते जाऊन विचारा. जी म्हणते "मला नको, आमचे हे करतात सगळं", तिच्याकडे तीनदा जा.

तुम्हाला योजना नको आहे. खोली हवी, वायफाय हवं, चहा हवा. वयाप्रमाणे गट मुळीच करू नका. एक तरुण आणि एक वयस्कर अशी जोडी लावा, पण आजी आणि तिचीच नात अशी नको. परक्याच्या नातीपुढे आजी निवांत चुकते. एका दिवशी दहाच जण घ्या.

अभ्यासक्रम छापू नका. येणाऱ्याने स्वतःचं काम घेऊन यायचं. आमच्या रजिस्टरमध्ये लिहिलेली कामं बघा : गॅस नोंदवायचा आहे, नातवाचा फोटो मोठा करून बघायचा आहे, भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग सगळ्यांना पाठवायचं आहे, पुण्याच्या गाडीचं तिकीट, लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली फाइल उघडायची की नाही. (उघडायची नाही. पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप आहे, पत्रिका नव्हे.) काम झालं की त्या माणसाने स्वतःच्या अक्षरात तारीख टाकून लिहायचं. काही जण फोनवर टाइप करायला शिकले, पण रजिस्टरमध्ये लिहायला पेन धरलं ते पुष्कळ वर्षांनी. पैशांचे व्यवहार पहिल्या महिन्यात घेऊ नका. हात स्थिर झाल्याशिवाय ते नकोच.

पहिला धडा कुठला, असं तुम्ही तळटीपेत विचारलंय. आमचा ठरलेला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या ओळखीच्या एक आजी दोन दिवस वरच्या मजल्यावर एकट्या होत्या. फोन चार्ज होता, नेट होतं, मुलगा तिकडून म्हणत होता, "आई, लोकेशन पाठव." त्यांना पाठवता आलं नाही. घर नवं होतं आणि पत्ता त्यांना नीट सांगता येईना. शेजारच्यांनी त्यांना बाहेर काढलं. सप्टेंबरात त्याच आमच्या पहिल्या विद्यार्थिनी झाल्या. तेव्हापासून पहिल्या दिवशी जोडीने सूरसागराच्या पाळीवर जायचं, तिथून आपण कुठे आहोत ते खोलीत बसलेल्या माणसाला पाठवायचं आणि परत यायचं. जाऊन-येऊन वीस मिनिटं लागतात. पाऊस असेल तर गच्चीवरून करा.

तुमचा पहिला शनिवार ठरला की कळवा, मी येईन. जोडीला ते इंजिनिअरिंगचं पोरगं आणि जास्तीच्या चार्जरच्या दोन वायरी आणते. तुमच्याकडे एक्स्टेन्शन बोर्ड आहे ना, तेवढं बघून ठेवा.